फाटक उघडं ठेवायचा हुकूम

सात विटा मी माझ्या हातानं भिंतीत परत बसवल्या आहेत. कोर्टाच्या सांगण्यावरून, बेलिफासमोर, दोन पंचांच्या सह्यांनिशी. त्याआधी मी फक्त भिंती पाडण्याबद्दल लिहीत असे. वय एकवीस, आणि अख्ख्या सिल्वासात माझ्याइतकी चीड दुसऱ्या कुणाला येत नाही अशी माझी खात्री होती.

वडील सरकारी शाळेत मास्तर. रत्नागिरीकडून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. आमच्या क्वार्टर्समध्ये सगळी अशीच माणसं, कोणी कचेरीतले, कोणी शाळेतले. गणपतीला गावी जायचे आणि उरलेलं वर्षभर इथल्या आदिवासींबद्दल ‘हे लोक’ म्हणून बोलायचे. त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरायचं. वापीला कॉलेज संपवून आले ती थेट एका संघटनेत शिरले. संघटना म्हणजे आम्ही सहाजण आणि एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत ठेवलेलं सायक्लोस्टाईलचं मशीन. पत्रकं मी लिहायची. स्टेन्सिल कापायची, शाई लावायची, हँडल फिरवायचं. चार ओळींत शत्रू उभा करायचा आणि पाचव्या ओळीत त्याला लोळवायचा, एवढंच मला येत होतं. पण ते चांगलं येत होतं.

त्या काळात सिल्वासाशेजारच्या मसाटला दर दोन-चार महिन्यांनी नवं पत्र्याचं छप्पर उभं राहायचं. करमाफी होती, जमीन होती, आणि धुळे-जळगावकडून आलेले कामगार मिळतील त्या खोलीत सहा-सहा जण राहायला तयार होते. अशाच एका प्लास्टिकच्या कारखान्यानं आपल्या प्लॉटभोवती पुरुषभर उंचीची भिंत घातली. भिंतीच्या अलीकडे वारल्यांचा एक पाडा होता आणि पलीकडे त्या पाड्याची विहीर. मधली पायवाट भिंतीखाली गेली. आता पाणी आणायचं तर डांबरी रस्त्यानं, ट्रक चुकवत, सगळ्या औद्योगिक इस्टेटीला वळसा घालून जायचं. डोक्यावर दोन हंडे घेऊन बाईला एका खेपेला दीड तास लागे. हे मी मोजलेलं आहे. एक खेप मी केली होती, दुसरी जमली नाही.

दावा एका मावशीच्या नावावर लागला. पन्नाशीची, विधवा, बारीक अंगाची, कानाला तिखट. सगळ्या पाड्याचीच अडचण होती, पण बाकीच्यांची पोरं त्याच कारखान्यात कामाला. अंगठा द्यायची वेळ आली तेव्हा जो तो मागं सरकला. मावशीचा मुलगा किलवणीला दुसऱ्या कारखान्यात होता. ती म्हणाली, मना काय, माझा अंगठा मोकळाच हाय.

वकील माझ्या वडिलांच्या ओळखीचे. मी त्यांना वकीलकाका म्हणायची. साठीचे, मालवणकडचे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी काही महिन्यांत मनाई हुकूम मिळवला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कारखान्यानं पायवाटेच्या जागी भिंतीत फाटक ठेवायचं आणि ते सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडं ठेवायचं. दोन्ही पक्षांनी भिंतीच्या बांधकामात काही फेरफार करायचा नाही. इंग्रजीत दोन पानं. काकांनी कोर्टाच्या ओट्यावर उभं राहून आम्हाला मराठीत सांगितलं. मी पहिलं वाक्य ऐकलं, आणि दुसरं ऐकायच्या आत माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झाला होता.

‘कोर्टाचा दणका, भिंत पडणार.’

खाली मी लिहिलं की न्यायालयानं कारखानदाराला भिंत हटवायला फर्मावलं आहे, आदिवासींची वाट आदिवासींची झाली आहे, आता एकेक वीट जागेवर राहणार नाही. पाड्यावर जाऊन मोठ्यानं वाचून दाखवलं. बायका ऐकत होत्या. पुन्हा वाच म्हणाल्या, पुन्हा वाचलं.

कारखान्यानं फाटक बसवलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी बायकांनी फाटकाशेजारच्या सात विटा काढल्या. दांडगाई नाही, आरडाओरडा नाही. फाटकातून दोन हंडे घेऊन वळायला जागा कमी पडत होती, कोर्टानं भिंत काढायला सांगितली असं कागदात होतं, म्हणून लागत होत्या तेवढ्या काढल्या आणि नीट रचून बाजूला ठेवल्या. त्यांच्या बाजूनं यात काही चूक नव्हती. कागद खोटा होता, आणि कागद माझा होता.

त्याच दिवशी संध्याकाळी फाटकाला कुलूप लागलं. मला तर बरंच वाटलं. हुकूम मोडला म्हणजे आता कारखान्याचा मॅनेजर आत. मी रात्रभर बसून अर्जाचा मसुदा केला आणि सकाळी काकांच्या टेबलावर ठेवला. काकांनी तो वाचला. मग खणातून माझंच पत्रक काढून त्याच्याशेजारी ठेवलं. ते समोरच्या वकिलानं त्यांना आदल्या दिवशी पाठवलेल्या अर्जाला जोडलेलं होतं.

“‘भिंत पडणार’ हे हुकमात कुठं आहे ते दाखव,” ते म्हणाले. “मी चष्मा पुसून बसतो.”

मी म्हटलं, अर्थ तोच होतो.

“अर्थ तुझा. शाई तुझी. आणि अंगठा त्या बाईचा.”

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की काय झालंय. हुकमाचं दुसरं वाक्य मावशीलाही बांधत होतं. फेरफार करायचा नाही, दोघांनीही. विटा काढून हुकूम मोडला होता तो आमच्या बाजूनं, आणि आधी. काकांनी समजावलं की खरा अवमानाचा अर्ज मुंबईच्या हायकोर्टात चालतो, पण मनाई हुकूम मोडला तर ज्या कोर्टानं तो दिला त्यालाच मालमत्ता जप्त करायचा आणि माणसाला दिवाणी तुरुंगात पाठवायचा अधिकार असतो. कोर्टाच्या आवारात सगळेच त्याला कंटेम्प्ट म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. तो कंटेम्प्ट आता मावशीवर लागला होता. सिद्ध झाला तर फाटक राहणं दूरच, हुकूमच उठला असता. विहीर कायमची पलीकडे राहिली असती.

माझ्या मसुद्याकडे बोट करून काका म्हणाले, “आणि हे काय आहे? अर्ज आहे की पोवाडा? ‘शेकडो माताभगिनींची सदैव कोंडी.’ शेकडो म्हणजे किती? पाड्यावर घरं किती आहेत?”

एकोणीस होती.

“सदैव म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? कोणी अडवलं? काय शब्दांत? ज्याला तुरुंगात घालायला निघालीस, त्यानं कोणत्या दिवशी किती वाजता काय केलं हे तुला सांगता येत नसेल, तर तू घरी बस.”

घरी बसणं शक्य नव्हतं. मी विचारलं, आता काय करायचं. ते म्हणाले, खरं काय ते लिहून दे.

मी प्रतिज्ञापत्र केलं. पत्रक मी लिहिलं, हुकमाचा अर्थ मी चुकीचा सांगितला, बायकांनी माझ्यावर विश्वास ठेवून विटा काढल्या, त्यांचा हेतू हुकूम मोडायचा नव्हता. आजवर लिहिलेल्यात सगळ्यांत लहान मजकूर. एकही विशेषण नाही. जज्जसाहेबांनी तो वाचून माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि हिंदीत विचारलं, शिकलेली आहेस ना? मी हो म्हटलं. मग वाचता का येत नाही, ते म्हणाले. कोर्टात लोक हसले. समोरचा वकील सगळ्यांत जास्त हसला. पण साहेबांनी मावशीवरचा अर्ज निकालात काढला तो एकाच अटीवर, विटा परत लावायच्या. कुलपाबद्दल आम्ही दिलेल्या अर्जावर मात्र त्यांनी सुनावलं आणि लिहिलं की यात नेमकं काहीच नाही, नेमकं घेऊन या.

विटा लावायला गवंडी मिळेना, कारण इस्टेटीतल्या ठेकेदारांना कारखान्याशी वाकडं नको होतं. शेवटी मीच थापी घेतली. मावशीनं विटा हातात दिल्या. बेलीफ छत्री उघडून सावलीत उभा होता. सिमेंट कालवायला पाणी हवं, आणि तेच तर नव्हतं. तेव्हा कारखान्याचा वॉचमन आतून एक बादली घेऊन आला.

त्याचीही ओळख सांगते. तिशीचा, अमळनेरकडचा, अंगात खाकी शर्ट आणि खाली स्वतःची पट्ट्यापट्ट्याची लुंगी. फाटकाची चावी त्याच्या कमरेला. मावशीला तो ‘माय’ म्हणायचा आणि तिला परत पाठवताना मान खाली घालायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा, मॅनेजरपेक्षा जास्त, कारण मॅनेजर दिसायचाच नाही. त्यानं बादली ठेवली आणि माझं बांधकाम पाहून म्हणाला, “ताई, वळंबा धरा. नही तं ह्या विटा उद्या आपोआप पडतीन, अन् नाव पुन्हा मायचं येईन.”

पंचनाम्यात लिहिलं गेलं की सात विटा पूर्ववत लावल्या. त्यातली एक अजूनही तिरपी आहे.

यानंतर फाटक कसं चालायचं ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. ते कायमचं बंद नसायचं. तसं असतं तर सोपं होतं. कधी दोन दिवस उघडं, मग चार दिवस कुलूप. कधी पहिल्या भोंग्याला उघडायचं आणि बायका हंडे भरून परत येईपर्यंत बंद व्हायचं, की भरल्या हंड्यांनी वळसा घाला. मॅनेजरकडे कारणं तयार. भंगार चोरीला जातं, गाडी लागलीय, चावी सापडत नाही. एकदा मावशी त्याला स्वतः भेटली आणि म्हणाली की साहेब, कोर्टाचा हुकूम हाय. तो म्हणाला, मग कोर्टालाच सांग पाणी भरून द्यायला. ऑफिसातले दोघंतिघं हसले. मावशीनं हे मला कसलाही सूर न लावता सांगितलं. मी मात्र आठवडाभर जळत होते.

काकांनी तक्रार करून एकदा बेलिफाला पाहणीला पाठवलं. अचानक पाठवलं असं आम्हाला वाटत होतं. त्या दिवशी फाटक सताड उघडं, वॉचमन बाजूला उभा, आणि वाट झाडूनसुद्धा ठेवलेली. बेलिफानं तसा अहवाल दिला. दुसऱ्या दिवशी कुलूप.

मी ठरवलं की तारखा टिपायच्या. पाड्यावर एक वही ठेवली, पेन बांधून. आठवड्यानं जाऊन पाहिलं तर वहीत कोंबड्याचं चित्र होतं. बायका लाजल्या. लिहिता येणारी एकच पोरगी, ती आश्रमशाळेत, राहायलाही तिथंच. मी रोज मसाटला येऊ शकत नव्हते. बसून राहिले डोकं धरून. तेव्हा मावशी आत गेली आणि कुडाला टांगलेली दोरी घेऊन आली.

त्यांच्यात लग्नाचं आवतण असंच जायचं. अमक्या दिवसांनी लग्न, तर तितक्या गाठी मारलेली दोरी पाहुण्यांकडे पाठवायची. पाहुण्यानं रोज एक गाठ सोडायची. गाठी संपल्या की निघायचं. मावशीची बहीण दुधनीला, धरणाच्या पाण्याकाठी राहते. तिच्या घरचं आवतण येऊन गेलेलं आणि दोरी उरलेली. विटा परत लावल्या त्या दिवसापासून मावशी त्या दोरीला गाठी मारत होती. रोज एक. फाटक उघडं मिळालं की साधी गाठ. बंद मिळालं की दुहेरी. उघडून मध्येच लावलं की साध्या गाठीत काडी. बाजाराच्या दिवशी गाठीत लाल चिंधी. स्वतः आजारी होती तेव्हा सून जाऊन पाहून यायची. कोणी सांगितलं नव्हतं. तिनं कोर्टात जज्जसाहेबांचं ‘नेमकं’ ऐकलं होतं आणि मला वाटतं, माझ्यापेक्षा नीट ऐकलं होतं.

मी कॅलेंडर आणून जमिनीवर बसले. विटांच्या पंचनाम्याची तारीख माहीत होती. लाल चिंध्या बरोबर बाजाराच्या वारावर पडत होत्या, एकही मागंपुढं नाही. गाठ ना गाठ तारीख झाली. हे होतं ते नेमकं.

पण साध्या गाठी बऱ्याच होत्या. जवळजवळ तिसरा हिस्सा. मला ते खुपायला लागलं. कागदावर उतरवताना मी मावशीला म्हटलं की ज्या दिवशी उघडून मध्येच बंद केलं, ते बंदच धरूया. आणि बेलीफ आला तो दिवस तर नाटक होतं, तो कशाला लिहायचा. सगळं बंद लिहिलं की केस मजबूत होते.

ती म्हणाली, “उघडा व्हता त्या दिशी मी पानी आनला. तो पानी आमी पिलाव. आता बंद व्हता म्हनू कसा?”

मी म्हटलं, मावशी, समोरचा खोटंच सांगणार आहे.

“सांगू दे. त्याला वाट नको हाय. मना पायजे.”

मी हट्ट केला. तिनं माझ्या हातातून दोरी काढून घेतली आणि पुन्हा कुडाला टांगली. तुझ्या कागदानं विटा काढल्या, पोरी, असं तिनं म्हटलं नाही. तिनं म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते. मी तारखा होत्या तशा उतरवल्या. बंद ते बंद, उघडं ते उघडं, अर्धं ते अर्धं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं आणि आमचा दुसरा अर्ज लागला. मॅनेजर नवा शर्ट घालून आला होता. त्यांच्या वकिलानं वॉचमनचं प्रतिज्ञापत्र आणि फाटकाचं रजिस्टर दाखल केलं. रजिस्टर पाहून आपण हरलो असं मला वाटलं. जाड बांधणीचं, छापील रकाने. रोज सकाळी सहा वाजता उघडलं, रोज संध्याकाळी सात वाजता लावलं, पुढं वॉचमनची सही. चार महिने, एकही दिवस चुकला नाही. आणि आमच्याकडे काय, तर गाठी मारलेली दोरी.

त्यांच्या वकिलानं दोरी दोन बोटांत धरून वर उचलली. आता कोर्ट गाठींची साक्ष घेणार का, असं काहीतरी म्हणाला. हशा झाला. जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी दोरी मागून घेतली, टेबलावर पसरली, थोडा वेळ आमची तारखांची यादी आणि गाठी ताडून पाहिल्या. मग मधली एक गाठ चिमटीत धरून मावशीला गुजराती-मराठीत विचारलं, ही कोणती?

मावशी पुढं गेली. आधीच्या लाल चिंधीपासून बोटानं एकेक गाठ मोजत आली. म्हणाली, “ही साधी. त्या दिशी फाटक उघडा व्हता. तुमचा मानूस आलेला ना, छत्रीवाला.”

साहेबांनी फाईल उलटली. बेलिफाच्या अहवालाची तारीख पाहिली. तीच. त्यांनी दुसरी गाठ विचारली, तिसरी विचारली. तिला आठवत होतं ते तिनं सांगितलं. एका गाठीला म्हणाली, हिचा नाय आठवत, पन दुहेरी हाय तर बंद असंल. मी बाकावर बसून हातांची बोटं एकमेकांत अडकवून ठेवली होती. ती छत्रीवाली गाठ मी दुहेरी करायला निघाले होते.

मग काकांनी वॉचमनला काही विचारायची परवानगी मागितली. तो पिंजऱ्यात उभा राहिला, खाकी शर्ट, आज पॅन्टही. काकांनी त्याला गाव विचारलं. अमळनेर तालुका. किती वर्षं इथं? चार. घरी कोण? आईबाप, बायको, एक बहीण, लग्न झालेली. काका अगदी जावयाशी बोलावं तसे बोलत होते. समोरचा वकील घड्याळ पाहायला लागला.

“बहीण आखाजीला माहेरी येते ना?”

“येते ना साहेब. आखाजीले येनारच.”

“आणि तू?”

त्यानं काकांकडे पाहिलं. ज्याला खान्देश माहीत नाही त्याला हा प्रश्न साधा वाटेल. दिवाळी एकवेळ चुकेल, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातला माणूस घराबाहेर राहात नाही. झाडांना झोके बांधतात, लेकी माहेरी येतात, गाणी म्हणतात. मसाटचे निम्मे कारखाने त्या दिवसांत अर्ध्या माणसांवर चालतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. मॅनेजरलाही ठाऊक असणार. पण तो मुंबईहून यायचा-जायचा, आणि रजिस्टर भरवून घेताना त्यानं फक्त तारखा पाहिल्या.

काकांनी रजिस्टरचं पान उघडून समोर धरलं. आखाजीचा दिवस, आदला, नंतरचा. तिन्हींपुढं सही. दोरीवर त्या तिन्ही गाठी दुहेरी होत्या.

वॉचमननं खाली पाहिलं. मग मावशीकडे. ती नेहमीसारखी उभी होती, पदर खोचून, जशी फाटकापाशी उभी राहायची. तो म्हणाला, “साहेब, आखाजीले मी गावले व्हतो. चावी ऑफिसात देऊन गेल्तो. हे बुक मागून लिव्हलं. एका बैठकीत लिव्हलं.”

कोणी सांगितलं, काकांनी विचारलं. त्यानं मॅनेजरकडे बोट दाखवलं नाही, नुसती नजर वळवली. त्या क्षणी मला त्याचा सगळा राग आठवला आणि तो सापडेना.

पुढचं वेगात झालं. त्यांच्या वकिलानं थोडा वेळ मागितला, बाहेर मॅनेजरशी बोलला, आत येऊन म्हणाला की आम्ही कोर्टाची बिनशर्त माफी मागतो. टाईप केलेला माफीनामा दुपारी हजर. मी काकांच्या कानात म्हटलं, माफी घेऊ नका, आत जाऊ दे त्याला. मनात पत्रक तयार झालं होतं, मथळ्यासकट. काका म्हणाले, गप्प बस, अर्जदार ती आहे.

साहेबांनी माफीनामा वाचला आणि मावशीला समजेल असं सांगितलं की हे लोक माफी मागतायत, तुला काही म्हणायचंय का.

ती म्हणाली, “माफी तुमच्याकं मांगली. माझी वाट?”

साहेबांनी कागद बाजूला ठेवला. त्यांनी काय लिहवून घेतलं ते काकांनी मला नंतर शब्द न् शब्द वाचून दाखवलं, आणि या वेळी मी शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकलं. माफी आज स्वीकारली जाणार नाही. फाटकाची दोन्ही दारं बिजागऱ्यांसकट काढून कोर्टात जमा करायची. दावा चालेल तोवर तिथं दार लागणार नाही. आठ दिवसांनी बेलीफ पाहून अहवाल देईल. अहवाल बरा आला तर माफीचा विचार, नाहीतर मॅनेजरनं घरून कपडे घेऊनच यायचं. हे शेवटचं हुकमात नव्हतं. साहेब ते तोंडी म्हणाले, आणि मॅनेजरचा नवा शर्ट पाठीवर ओला झालेला मी पाहिला.

दारं चौथ्या दिवशी टेम्पोतून आली. कोर्टाच्या आवारात, मुद्देमालाच्या खोलीबाहेर ती बरेच महिने टेकवून ठेवलेली होती, नंबराची चिठ्ठी लावून. मी कामाला गेले की एकदा हात लावून यायची.

आठव्या दिवशी आम्ही मसाटला गेलो. बेलीफ, काका, मी. पावसाचे दिवस होते, भिंतीतल्या मोकळ्या जागेत चिखल झाला होता आणि त्या चिखलात पावलंच पावलं होती, जाणारी आणि येणारी. बेलिफानं ती पावलंसुद्धा अहवालात लिहिली. मी लिहायला सांगितलं नव्हतं. मावशी विहिरीकडून आली, डोक्यावर दोन हंडे, आणि आम्हाला पाहून थांबली नाही. वळताना हंडा भिंतीला घासला. जागा खरंच कमी होती. ती चालता चालताच काकांना म्हणाली, “बायला सांगा, तिरपी वीट लागते डोक्याला.”

माझ्या हाताची वीट. काढू का, मी विचारलं. काका म्हणाले, हात लावशील तर बघ.

अहवाल बरा गेला, साहेबांनी माफी स्वीकारली. वॉचमनची नोकरी मात्र गेली. ते व्हायचंच होतं, आणि त्याबद्दल कुठल्या कोर्टाचा हुकूम आमच्याकडे नव्हता. मी मावशीच्या मुलाला गाठलं, त्यानं किलवणीच्या आपल्या कारखान्यात बोलून ठेवलं, आणि दीड महिन्यानं तिथं त्याला फाटकावर घेतलं. आखाजीच्या रजेची अट आधीच घालून तो लागला, असं मुलगा सांगत होता. मला ते पूर्ण खरं वाटत नाही, पण आवडतं.

दावा बरीच वर्षं चालतोय. अजून संपलेला नाही. संघटनेत आता आम्ही अकरा आहोत, मशीन तेच आहे. दारं काढायच्या त्या हुकमाचं पत्रक मी तेव्हा तीनदा लिहिलं. पहिल्यात मॅनेजरची खाल सोलली होती. दुसऱ्यात दोरीचं कौतुक फार झालं होतं. तिसऱ्यात हुकमाचं मराठी दिलं, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, शेवटपर्यंत. खाली लिहिलं, वाट उघडी आहे, भिंतीला हात लावू नये. काकांनी ते वाचलं, चष्मा पुसला, आणि माझ्याकडे परत दिलं. मग मी पाड्यावर गेले आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. बायका म्हणाल्या, पुन्हा वाच.

मावशीनं तेवढ्यात दोरी काढून आणली. साहेबांनी ती परत दिली होती. बहिणीकडे पुढच्या महिन्यात आणखी एक लग्न होतं, आवतणाला दोरी लागणार होती. गाठी सोडून, चिंध्या काढून, दोरी रिकामी करायला बसली. मी म्हटलं, मावशी, ठेव ना, पुरावा आहे. ती म्हणाली, वाट तर चालू हाय. आणि सोडत राहिली.